कोपर

त्याचा उजवा हात मला त्याच्या आईहून जास्त ठाऊक आहे.
अकरा हंगाम मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.
माझा डावा अंगठा थंडीत ठणकतो,
तो ठणका मेंग दोंग-चुलच्या फोर्कबॉलचा.
चेंडू येता येता पायरी चुकल्यासारखा खाली जायचा
आणि फलंदाज बिचारा हवेला झोडपून
आपल्याच बॅटकडे बघत राहायचा.

आता मी गुन्सानच्या बंदरामागे सूपचं दुकान चालवतो.
पहाटे चारला हाडं उकळायला टाकतो,
फेस काढतो, पुन्हा काढतो.
तो दुसऱ्या फळीच्या पोरांना पिचिंग शिकवतो,
आणि सोमवारी, मैदान बंद असतं तेव्हा,
एखाद्याला जेवायला घेऊन येतो.

लोक अजून त्याला तेवढंच विचारतात:
ऑक्टोबरातल्या त्या तीन रात्री.
वर्तमानपत्रांनी छापलं, पोलादी हात.
मी मास्कच्या जाळीतून पाहत होतो.
तिसऱ्या रात्री तो प्रत्येक चेंडूआधी
रोझिनची पुरचुंडी उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा,
बोटं आहेत की नाहीत ते बघायला.
मी माउंडपर्यंत गेलो.
तो म्हणाला, "कोचना बोलू नकोस."
मी बोललो नाही.
पुढच्या वर्षी सलामीचा सामना तुम्हा दोघांचा,
असा कोपराला गूळ लावून ठेवला होता कोचनी,
आणि खोटं कशाला सांगू,
तो गूळ मलाही हवा होता.

मग सोल. मनगटातला एक दोरा काढून
डॉक्टरांनी कोपरात ओवला.
आई सुक्या मासळीचा डबा घेऊन आली,
झाकण काही त्याला डाव्या हातानं उघडेना.
दोन वर्षांनी परतला तेव्हा
फोर्कबॉल पायरी चुकत नव्हता.
सरळ यायचा, ताटात वाढल्यासारखा.
निरोपाचा समारंभ झाला नाही.
लॉकरवरचं नाव त्यानं स्वतःच नखानं खरवडलं,
शेवटचं अक्षर निघालं नाही,
तसंच ठेवून घरी गेला.

तो हात आता पुरता सरळ होत नाही.
दारू ओतताना आमच्यात
वडीलधाऱ्यांसमोर दुसरा हात कोपराखाली धरतात.
तो सगळ्यांसमोर धरतो, विशीतल्या पोरांसमोरसुद्धा.
पोरांना वाटतं, केवढा नम्र माणूस!
मी सूप ढवळत राहतो.

काल सोक हान-ब्योल आला होता.
एकोणीस वर्षांचा, बांबूसारखा, चार वाट्या भात खाणारा.
गुरुवारी वरच्या संघानं बोलावलंय.
तासभर तेच चाललं होतं. बापानं म्हणे गावात
चौकात कापडी फलक लावलाय, नाव एवढं मोठं.
पोरानं उठून कोचचा पेला भरायला घेतला,
डावा हात उजव्या कोपराशी, अगदी रीतसर.
दोंग-चुल पेल्याकडे बघतच नव्हता.
रीत अशी की तळवा खाली असतो.
पोराचा अंगठा
कोपराच्या आतल्या खळग्यात रुतला होता.

"कधीपासून?"
"काय, कोच?"
"कधीपासून?"

बाटली तिरकीच राहिली. पेला भरला, टेबल भरलं.
"जूनपासून."

दोंग-चुल फोन घेऊन बाहेर गेला.
काचेतून दिसत होता,
डाव्या कानाशी फोन, आणि रिकाम्या रस्त्यासमोर
कमरेत वाकत होता, उठत होता, पुन्हा वाकत होता.

पोरगा म्हणाला, "वाटोळं केलं माझं यांनी."
त्याच्या बापाचा फलक आठवून मला काही सुचेना.
त्याच्या वाटीत भात वाढला. म्हटलं, जेव.
मग फडकं आणून सांडलेलं पुसत बसलो.

अंगठा ठणकत होता.
थंडी अजून पडली नव्हती.